सोपयूआयमधून हेडर जातो, जावा क्लायंटमधून जात नाही

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. छोटी म्हणजे मालक, मी, आणि एक मुलगा जो प्रिंटरपण दुरुस्त करतो. पतसंस्थांची पॅकेजं हे आमचं काम: पिग्मी, ठेवी, कर्ज, दिवसाअखेरीचं डे-बुक. त्यातल्या एका संस्थेनं आता एका बँकेशी करार केलाय. सभासदांना आमच्याच स्क्रीनवरून एनईएफटी करता यावी, बँकेतली शिल्लक बघता यावी, असा बेत आहे. बँकेनं एक डब्ल्यूएसडीएल (त्यांच्या सोप सेवेकडे काय मागता येतं ते सांगणारी फाइल; सोप म्हणजे एक्सएमएलमधून विनंती-उत्तर करायची पद्धत), चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता आणि १४ पानांची पीडीएफ दिली. त्यातल्या नवव्या पानावर एक ओळ आहे: प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये शाखा कोड आणि टोकन पाठवावे. विषय संपला.

डब्ल्यूएसडीएलमध्ये मात्र हेडरचा मागमूस नाही. डब्ल्यूएसइम्पोर्ट या त्या फाइलवरून जावाचा कोड बनवणाऱ्या साधनानं क्लास काढले (जावा ८), तर शिल्लक विचारणारी मेथड फक्त खाते क्रमांक घेते. मग मी पोर्टला (ज्यातून सेवेला कॉल जातो तो ऑब्जेक्ट) बाइंडिंगप्रोव्हायडरमध्ये कास्ट केलं, रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट घेतला आणि मेसेजकॉन्टेक्स्टमधल्या एचटीटीपी_रिक्वेस्ट_हेडर्स या कीखाली एक मॅप टाकला. आधी मॅपमध्ये नुसत्या स्ट्रिंग दिल्या होत्या, तेव्हा क्लासकास्ट एक्सेप्शन आलं. प्रत्येक नावासमोर स्ट्रिंगची लिस्ट लागते हे कळायला अर्धा दिवस गेला. आता कॉल जातो, पण फॉल्ट, म्हणजे चूक सांगणारं उत्तर, येतो: टोकन आढळले नाही.

आणि बँकेच्या माणसानं दिलेली सोपयूआयची (सोप सेवा हातानं तपासायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडून हिरवं बटण दाबलं की शिल्लक झक्कास दिसते! तोच पत्ता, तेच टोकन. दोन दिवस झाले. मालक तासातासानं खुर्चीमागं येऊन उभे राहतात. बोलत काहीच नाहीत, तेच जड जातंय.


रात्रपाळी | सोमवार, रात्री १२:०५

टोकनच्या शेवटी स्पेस नाही ना? पीडीएफमधून उचललं की ओळ तुटून येते, माझं एकदा झालंय असं. हेडरच्या नावात लहान-मोठी अक्षरं चालून जातात, व्हॅल्यूत चालत नाहीत.


पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १२:२०

स्पेस नाही. लांबी मोजून बघितली, दोन्हीकडे ३६.


जुनं खोड | मंगळवार, सकाळी ७:१५

टोकन मोजू नका. सोपयूआयमध्ये रिक्वेस्टच्या खिडकीच्या डाव्या कडेला उभे टॅब आहेत, त्यात एक 'रॉ' आहे. कॉल मारा, मग तो उघडा. सगळ्यात वर पोस्टची ओळ, होस्ट, कंटेंट-टाइप वगैरे दिसेल. मग एक रिकामी ओळ. मग एक्सएमएल. टोकन त्या रिकाम्या ओळीच्या वर आहे की खाली, एवढंच सांगा.


पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी १०:०२

खाली! एन्व्हलप नावाच्या सगळ्यात बाहेरच्या टॅगच्या आत, बॉडीच्या (मूळ विनंतीच्या) आधी 'हेडर' असा टॅग आहे, त्याच्या पोटात 'ऑथइन्फो', आणि ऑथइन्फोच्या पोटात शाखा कोड आणि टोकन. बँकेच्या माणसानं हातानंच लिहून ठेवलंय ते.


जुनं खोड | मंगळवार, सकाळी १०:५०

मग झालं तर. तुम्ही पाठवताय एचटीटीपीचा हेडर, त्यांना हवाय सोपचा.

आमच्या गावाकडून पोराला पुण्याला एसटीनं डबा जायचा. डब्याला बाहेरून दोरीनं बांधलेली चिठ्ठी असायची: स्वारगेट, अमुक याला देणे. ती कंडक्टरसाठी. आत चपात्यांवर कागदात गुंडाळलेली दुसरी चिठ्ठी असायची, फी भरली का म्हणून विचारणारी. ती पोरासाठी. तुम्ही फीचा निरोप बाहेरच्या चिठ्ठीवर लिहिलात. कंडक्टरनं वाचला असेल, पोराला काय पत्ता?

सोप १.१ चं टिपण २००० सालच्या मेमध्ये डब्ल्यू३सीवर (वेबची मानकं ठरवणारी संस्था) आलं आणि १.२ ची शिफारस २००३ च्या जूनमध्ये. दोन्हींत एन्व्हलपमध्ये हेडर हा ऐच्छिक भाग आहे आणि बॉडी सक्तीची. हेडरमध्ये काय घालायचं ते ज्यानं-त्यानं ठरवायचं, म्हणून तो 'कस्टम'. डब्ल्यूएसडीएलच्या बाइंडिंगमध्ये तो नीट नोंदवला असता तर डब्ल्यूएसइम्पोर्टला 'एक्सअ‍ॅडिशनलहेडर्स' हा पर्याय देऊन तो मेथडचा पॅरामीटर म्हणूनच मिळाला असता. तुमच्या बँकेनं नोंदवलेला नाही, तेव्हा हातानं घालावा लागणार.

रस्ता असा. नावं देवनागरीत लिहितोय, आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) सुचवेलच.

सोपहँडलर हा इंटरफेस घेऊन एक क्लास लिहा, टाइप सोपमेसेजकॉन्टेक्स्ट. त्यातली हँडलमेसेज ही मेथड जाताना आणि येताना अशी दोन्ही वेळा चालते, हे पहिलं डोक्यात ठेवा. कॉन्टेक्स्टमधून मेसेज_आउटबाउंड_प्रॉपर्टी विचारा. खरी असेल तरच पुढं जा, नाहीतर ट्रू परत करून मोकळे व्हा. हे विसरलात तर बँकेकडून आलेल्या उत्तरालाच आपला हेडर चिकटवाल.

मग मेसेजमधून सोपपार्ट, त्यातून एन्व्हलप, त्यातून गेटहेडर. तो नल असेल तर अ‍ॅडहेडर. आधी न विचारता थेट अ‍ॅडहेडर म्हणू नका, हेडर आधीच असेल तर ते एक्सेप्शन फेकतं. मग अ‍ॅडहेडरएलिमेंटला क्यूनेम, म्हणजे पूर्ण नाव, द्या: नेमस्पेस (ते नाव कोणत्या घराण्यातलं ते सांगणारा), 'ऑथइन्फो', आणि एक प्रीफिक्स (नेमस्पेसचं टोपणनाव). त्याच्या पोटात दोन चाइल्ड एलिमेंट. शेवटी ट्रू.

लावताना एक खोच आहे. बाइंडिंगचं गेटहँडलरचेन तुम्हाला हँडलरांच्या साखळीची प्रत देतं, मूळ साखळी नाही. तिच्यात हँडलर घातलात आणि तिथंच थांबलात तर काहीच होणार नाही आणि चूकही दिसणार नाही. परत सेटहँडलरचेन करायचं. आणि हे पोर्टपुरतं असतं. सर्व्हिसकडून दुसऱ्यांदा पोर्ट मागितलंत तर ते कोरं येतं, त्यावर तुमचा हँडलर नसतो. सगळ्या पोर्टांना लावायचा असेल तर सर्व्हिसवर हँडलररिझॉल्व्हर बसवा.


डॉटनेटवाली | मंगळवार, दुपारी १:३०

प्रश्न जावाचा आहे, पण शीर्षक बघून डॉटनेटवालेही इथं येणारच, त्यांच्यासाठी. डब्ल्यूसीएफमध्ये (डॉटनेटची अशा सेवांसाठीची लायब्ररी) मेसेजहेडर.क्रिएटहेडरला नाव, नेमस्पेस, व्हॅल्यू द्यायची. मग क्लायंटच्या इनरचॅनलवर ऑपरेशनकॉन्टेक्स्टस्कोप उघडून ऑपरेशनकॉन्टेक्स्ट.करंटच्या आउटगोइंगमेसेजहेडर्समध्ये तो अ‍ॅड करायचा, आणि कॉल स्कोपच्या आतच करायचा. एचटीटीपीवाला हवा असेल तर तिथंच एचटीटीपीरिक्वेस्टमेसेजप्रॉपर्टी.

स्कोपच्या आत अवेट (उत्तराची वाट बघणं) असेल तर डॉटनेट फ्रेमवर्क ४.६.२ च्या आधी बोंब होती. अवेटनंतर कोड दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) जायचा आणि स्कोप बंद होताना एक्सेप्शन यायचं की उघडला एका थ्रेडवर, मिटतोय दुसऱ्यावर. दर कॉलला तोच हेडर जाणार असेल तर स्कोपच्या नादाला न लागता आयक्लायंटमेसेजइन्स्पेक्टर लिहा, बिफोरसेंडरिक्वेस्टमध्ये हेडर घाला आणि एंडपॉइंट बिहेवियरनं लावा. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी लिहिलेला एक आहे, अजून हात लावायची वेळ आली नाही.


पंचगंगाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:१०

खोडसाहेब, हँडलर लिहिला, चेनही परत सेट केली. आता फॉल्टचा मजकूर बदलला: शाखा कोड रिकामा आहे. रिकामा कसा? मी प्रिंट करून बघतोय, ००७ जातोय!


जुनं खोड | मंगळवार, सायंकाळी ७:४५

तुम्ही काय प्रिंट केलंत त्यापेक्षा तारेवर काय गेलं ते बघा. जेव्हीएमला (जावा चालवणारं इंजिन) ही सिस्टम प्रॉपर्टी द्या: कॉम.सन.एक्सएमएल.इंटर्नल.डब्ल्यूएस.ट्रान्सपोर्ट.एचटीटीपी.क्लायंट.एचटीटीपीट्रान्सपोर्टपाइप.डम्प, व्हॅल्यू ट्रू. नाव मालगाडीएवढं आहे, पण कन्सोलवर विनंती आणि उत्तर छापतं. (मधलं 'इंटर्नल' जेडीके, म्हणजे जावाच्या मूळ पॅकेजसोबत आलेल्या आवृत्तीसाठी. लायब्ररी वेगळी आणून लावली असेल तर ते काढायचं.) ते छापलेलं आणि सोपयूआयचं 'रॉ' शेजारी-शेजारी ठेवा.

माझा अंदाज, पोटातल्या दोन एलिमेंटना नेमस्पेस मिळालेला नाही.


पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९:०५

अंदाज अचूक! सोपयूआयमध्ये तिन्ही टॅगांना एकच प्रीफिक्स आहे. माझ्याकडे ऑथइन्फोला प्रीफिक्स, आणि आत शाखा कोड, टोकन उघडेबोडके. मी अ‍ॅडचाइल्डएलिमेंटला नुसतं नाव दिलं होतं. बापाचं आडनाव पोरांना आपोआप लागेल असं वाटलं.


जुनं खोड | मंगळवार, रात्री ९:३०

लागतं, पण बापाचा नेमस्पेस डीफॉल्ट असेल तर, म्हणजे प्रीफिक्सशिवाय जाहीर केला असेल तर. प्रीफिक्सनं जाहीर केलेला पोरांकडे उतरत नाही. नावासोबत प्रीफिक्सही द्या, नाहीतर सरळ क्यूनेम द्या. मी क्यूनेमच देतो.

सर्व्हरच्या दृष्टीनं नेमस्पेस नसलेला शाखा कोड आणि नेमस्पेस असलेला शाखा कोड ही दोन वेगळी नावं. त्याला हवं ते सापडलं नाही, म्हणून त्यानं रिकामं म्हटलं. अशा वेळी 'अनोळखी टॅग आला' असं सांगणारा सर्व्हर मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय.


पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ११:२०

शिल्लक आली!!! ४,२१७ रुपये ५० पैसे, चाचणीच्या खात्यातली. मालकांनी स्वतः खाली जाऊन चहा सांगितला.

एनईएफटीच्या मेथडला मात्र नवीनच आलं. यात विनंती पोचतेय, उत्तरही येतंय, पण माझ्याच बाजूला एक्सेप्शन: मस्टअंडरस्टँड हेडर समजला नाही. हेडर पाठवतोय मी आणि समजला नाही पण मलाच?


रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:४५

हा माझ्या ओळखीचा आहे. बँकेच्या उत्तरात तिचा स्वतःचा हेडर असणार, मस्टअंडरस्टँड १ लावलेला. त्याचा अर्थ असा की घेणाऱ्याला हा कळत असेल तरच पुढं जा, नाहीतर तिथंच थांबून फॉल्ट दे. तुमचा क्लायंट थांबला, म्हणजे नियमानंच वागला. तुमच्या हँडलरमध्ये गेटहेडर्स नावाची मेथड असेल, आयडीईनं तिथं रिटर्न नल लिहून ठेवलं असेल. तिथून एक सेट परत करायचा, ज्यात त्या हेडरचा क्यूनेम असेल. म्हणजे 'हा माझ्या माहितीतला आहे' असं कबूल केल्यासारखं.

पण कबूल केलंत तर वाचाही. नुसतं तोंड बंद करायला टाकू नका. एनईएफटीच्या उत्तरात आहे म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक वगैरे असू शकतो.


पंचगंगाकाठ | बुधवार, दुपारी १२:३०

संदर्भ क्रमांकच निघाला! पीडीएफमध्ये अक्षर नाही त्याबद्दल. आता तो व्यवहाराच्या टेबलात साठवतोय. रात्रपाळी, धन्यवाद. मी नुसतं तोंडच बंद करणार होतो.


पंचगंगाकाठ | पुढच्या सोमवारी, सायंकाळी ५:५०

परत आलो. चाचणीत सगळं चाललं, आज संस्थेच्या दोन शाखांत सुरू केलं, गडहिंग्लज आणि इचलकरंजी. दुपारपर्यंत मस्त. चारच्या सुमारास, गर्दी झाल्यावर, गडहिंग्लजच्या कॅशियरचा फोन: खाते या शाखेचे नाही, असं येतंय. तेच खातं पुन्हा तपासलं की बरोबर येतं. दिवसभरात असं पाच-सहा वेळा झालं. फक्त शिल्लक तपासतानाच झालं, पैसे कुठं हलले नाहीत. तरी पोटात गोळा आला. एनईएफटीचं बटण सध्या बंद करून ठेवलंय.

रचना अशी: हँडलरच्या क्लासमध्ये शाखा कोड आणि टोकन ही दोन फील्ड, त्यांना सेटर. कॉलच्या आधी सेटर, मग कॉल. पोर्ट सर्व्हर सुरू होताना एकदाच बनवतो, कारण बनवायला तीन-चार सेकंद लागतात.


जुनं खोड | सोमवार, सायंकाळी ६:२०

एनईएफटी बंद केलीत हे फार बरं केलंत.

पोर्ट एक, त्याला हँडलर एक, त्यात फील्ड एक. गडहिंग्लजच्या कॉलनं फील्डमध्ये ०१२ लिहिला. तो हँडलमेसेजपर्यंत पोचायच्या आत इचलकरंजीच्या थ्रेडनं त्यावर ००७ लिहिला. बाहेर पडले दोन्ही ००७ घेऊन. दुपारपर्यंत गर्दी नव्हती म्हणून निभावलं. चाचणीत तर तुम्ही एकटेच होता.

फील्ड काढून रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टमध्ये टाकतो म्हणाल, तर तोही त्याच पोर्टचा, तिथंही हीच मारामारी. क्लायंटचं प्रॉक्सी, म्हणजे हेच पोर्ट, थ्रेडसेफ (एकाच वेळी अनेक थ्रेडनी वापरलं तरी चालेल असं) असेलच अशी हमी जॅक्स-डब्ल्यूएस, म्हणजे जावाचं सोप सेवांचं मानक, देत नाही. अपाचे सीएक्सएफ या दुसऱ्या लायब्ररीमध्ये रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट थ्रेडगणिक वेगळा ठेवायची सोय आहे, थ्रेड.लोकल.रिक्वेस्ट.कॉन्टेक्स्ट ही प्रॉपर्टी ट्रू करायची. तुम्ही जेडीकेसोबतचं वापरताय, तिथं ती नाही.

तीन-चार सेकंद लागतात ते सर्व्हिसचा ऑब्जेक्ट बनवायला, कारण तो डब्ल्यूएसडीएल आणून वाचतो. तो एकदाच बनवा, खुशाल. त्यातून पोर्ट काढणं तुलनेनं स्वस्त. तेव्हा प्रत्येक थ्रेडला वेगळं पोर्ट द्या, किंवा पोर्टांचा एक पूल ठेवा. प्रत्येक पोर्टला नवा हँडलर, एकच हँडलर सगळ्यांना वाटू नका, नाहीतर मूळ दुखणं तसंच. मग शाखा कोड त्या पोर्टच्या रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टमध्ये स्वतःच्या कीनं ठेवा आणि हँडलमेसेजमध्ये कॉन्टेक्स्टमधून तीच की वाचा. रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टमधलं हँडलरला दिसतं. हँडलरला फील्डच उरत नाही.

उद्या दहा थ्रेड एकदम सोडून चाचणी घ्या, प्रत्येकाला वेगळा शाखा कोड देऊन. त्याशिवाय एनईएफटी उघडू नका.


पंचगंगाकाठ | गुरुवार, सायंकाळी ४:१५

वीस थ्रेड सोडले, प्रत्येकी २०० कॉल, एकही चुकला नाही. एनईएफटी उघडली. पोर्टांचा पूल केला, आठ पोर्टांचा.

तेवढ्यात बँकेनं परवा नवं काढलं. टोकन सोपमध्येच राहील, पण संस्थेचा क्रमांक एचटीटीपी हेडरमध्येही पाठवा, नाव 'क्लायंट_आयडी'. म्हणजे डब्याबाहेरची चिठ्ठीपण लागली अखेर. ती तर मला सोमवारपासून येत होती! चाचणीच्या सर्व्हरवर चालली. खऱ्या सर्व्हरवर मात्र ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. डम्प बघितला, हेडर माझ्याकडून जातोय, स्वच्छ दिसतोय. बँकेला कळवलं, उत्तर आलं: आमच्या बाजूने कोणतीही अडचण नाही.


रात्रपाळी | गुरुवार, सायंकाळी ४:३०

नावात अंडरस्कोर आहे. खऱ्या सर्व्हरच्या पुढं एनजिनएक्स (विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) उभा असेल तर तो अंडरस्कोर असलेले हेडर गुपचूप गाळतो. त्याच्या 'अंडरस्कोर्स_इन_हेडर्स' या सेटिंगची मूळ किंमत ऑफ असते. चाचणीचा सर्व्हर उघडा असेल, म्हणून तिथं पोचतंय. अंडरस्कोरच्या जागी आडवी रेघ असती तर हा प्रश्नच आला नसता. बँकेला मेलमध्ये ही सेटिंग नावानिशी लिहा. 'हेडर पोचत नाही' एवढंच लिहिलंत तर पुन्हा तेच उत्तर येईल.


पंचगंगाकाठ | शुक्रवार, सकाळी १०:४०

नावानिशी लिहिलं. रात्री पावणेअकराला उत्तर: आमच्या बाजूने कोणतीही अडचण नाही. आणि आज सकाळपासून चालतंय. मी काही विचारलं नाही.


जुनं खोड | शुक्रवार, सकाळी ११:१०

विचारूही नका.

तो डम्प खऱ्या सर्व्हरवर बंद केलात का? टोकन, खाते क्रमांक, सगळं लॉगमध्ये उघडं पडतं. आणि पुढं कधी जावा ११ वर गेलात तर जॅक्स-डब्ल्यूएस जेडीकेमध्ये सापडणार नाही, २०१८ च्या त्या आवृत्तीपासून काढून टाकलंय, डब्ल्यूएसइम्पोर्टसकट. लायब्ररी वेगळी आणावी लागेल. तेव्हा मालगाडीतला 'इंटर्नल'चा डबा सोडवायचा.


पंचगंगाकाठ | शुक्रवार, सकाळी ११:२५

अरे देवा. सोमवारपासून चालूच होता. लॉग ९ जीबी झालाय. प्रॉपर्टी काढली, सर्व्हर दुपारी जेवणाच्या सुट्टीत रीस्टार्ट करतो, तोवर टोकन बदलून द्या म्हणून बँकेला मेल टाकतो.